थार पाहावी घेऊन, पण कुठल्या सालची?

२०१४ची महिंद्रा थार आणि २०१६ची महिंद्रा थार शेजारी उभ्या केल्या, तर सवय नसलेल्या माणसाला त्यांतला फरक सांगता येणार नाही. तेच गोल दिवे, तीच उभ्या फटींची जाळी, तेच अडीच लिटरचं १०५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. पण जुलैच्या पावसात दोघींना एखाद्या डोंगरातल्या चिखलाच्या चढावर न्या. मागचं एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचं पुढचं एक चाक खळग्यावर हलकं पडलं, की २०१४ची गाडी तीच दोन चाकं गरगर फिरवत जागच्या जागी खोदत बसते. २०१६ची क्षणभर तसंच करते, मग खालून ‘टक्’ असा आवाज येतो आणि ती वर चढते.

त्या आवाजामागे जुलै २०१५ मध्ये झालेला बदल आहे. त्या महिन्यात थारची सुधारित आवृत्ती आली. नवा डॅशबोर्ड, नवा पुढचा बंपर, जरा बऱ्या सीटा यांचीच जाहिरात जास्त झाली, पण खरी भर मागच्या आसात होती. तिथे आपोआप लागणारं डिफरन्शियल लॉक बसवलं गेलं. साधं डिफरन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं, म्हणून डांबरी रस्त्यावर ते हवंच. चिखलात मात्र त्याचा हा गुण अंगाशी येतो. ज्या चाकाला विरोध कमी ते फिरतं, आणि ज्या चाकाखाली घट्ट जमीन आहे ते उभं राहतं. दोन चाकांच्या गतीत मोठी तफावत पडली की लॉक दोन्ही चाकं एकमेकांना बांधतं, मग जमिनीवरचं चाकही ओढायला लागतं.

साधी हॅचबॅक किंवा सेडान जुनी घ्यायची असेल तर सल्ला सोपा असतो: खिशाला परवडेल तेवढी नवी घ्या. ऑफ-रोड गाडीला हा नियम लावला की पैसे वाया जातात. या गाड्यांचा साचा दहा-दहा, वीस-वीस वर्षं तोच राहतो, आणि आत मध्येच कधीतरी एखादा भाग बदलतो. कधी तो इंजिनिअरांनी बदललेला असतो, कधी सरकारच्या नियमामुळे बदलावा लागलेला. हे बदल कुठल्या महिन्यात झाले ते ठाऊक असलेला गिऱ्हाईक एक-दोन वर्षं जुनी गाडी घेऊन जास्त चांगली गाडी घरी आणतो.

त्यासाठी आधी साल म्हणजे नेमकं कुठलं साल ते ठरवून घ्यावं लागतं. जाहिरातीत लिहिलेलं साल बहुधा नोंदणीचं असतं, आणि आपल्याला हवं असतं बनावटीचं. मे २०१५ मध्ये कारखान्यातून निघालेली थार विक्रेत्याच्या आवारात धूळ खात राहिली आणि नोव्हेंबरात पासिंग झाली, तर ती ‘२०१५ एंड’ म्हणून विकली जाईल आणि तिच्या मागच्या आसात लॉक नसेल. आर.सी.वर बनावटीचा महिना आणि वर्ष असतं, ते पाहा. त्यावरही विश्वास नसेल तर चासी नंबर पाहा. सतरा अक्षर-अंकांच्या त्या क्रमांकात दहाव्या जागी सहसा सालाचं अक्षर असतं: २०१० साठी ए, २०१५ साठी एफ, २०१९ साठी के, २०२० साठी एल. अंकांशी घोळ होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वगळलेली असतात. आणि नंबर वाचायचा तो चासीवर कोरलेला. कागदावरचा नंतर त्याच्याशी ताडून पाहायचा.

आता पहिल्या पिढीच्या थारचा सगळा काळ बघू. ऑक्टोबर २०१० मध्ये ती आली, तेव्हा तिच्यामागे महिंद्राची साठेक वर्षांची जीपची परंपरा होती. १९४७ पासून कंपनी विलीजच्या जीप जुळवत होती, आणि एमएम ५४०, एमएम ५५० या जीपांनी पुढच्या पिढ्यांचे रस्ते तुडवले होते. थार दोन जातींत मिळायची. एक सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल इंजिनाची. दुसरी डीआय, ६३ अश्वशक्तीची, साध्या पंपाची, कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजात खोलता येणारी. डीआय प्रदूषणाच्या बीएस-३ निकषाची होती. एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर यांसह १३ शहरांत बीएस-४ सक्तीचं झालेलं असल्यामुळे ती या शहरांत नवी नोंदवताच येत नव्हती. म्हणून आजही डीआय थार विकायला दिसली तर तिचं पासिंग बहुधा या शहरांबाहेरचं असतं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-३ची नवी विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली. त्यानंतरच्या बनावटीची डीआय कोणी दाखवत असेल तर कागद दोनदा वाचा. डीआय दोन चाकांच्या ओढीचीही निघाली होती, हेही ध्यानात ठेवा.

सीआरडीईमध्ये पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे कमानपाटे. पुढच्या सीटवर बसणाऱ्याचं बरं चालतं, मागच्या बाकांवर समोरासमोर बसणाऱ्यांचे हाल होतात. कारखान्यातून गाडी कापडी हुडाचीच यायची. त्यामुळे आज जी पत्र्याच्या किंवा फायबरच्या टपाची दिसते तिचा टप नंतर बसवलेला आहे, आणि त्याचं काम करणाऱ्याने भोकं कुठे पाडली, पाणी कुठून झिरपतं, हे पाहणं घेणाऱ्याकडे लागतं. या पिढीचं सगळ्यात मोठं दुखणं गंज. कोकणपट्टीत राहिलेली गाडी असेल तर दाराच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा आणि चासीचे जोड टॉर्च लावून पाहिल्याशिवाय पुढे बोलूच नये.

२०१९ हे पुन्हा एक वळण. एप्रिलपासून बनणाऱ्या प्रत्येक मोटारीत एबीएस सक्तीचं झालं. जूनमध्ये ‘थार ७००’ नावाची निरोपाची आवृत्ती आली: सातशेच गाड्या, आनंद महिंद्रांच्या सहीची पट्टी, नवी किंमत ९ लाख ९९ हजार. पुढे मार्च २०२० मध्ये बीएस-४चा काळ संपला आणि पहिली पिढीही संपली. ७०० ला संग्राहक भाव देतात, देवोत बापडे. ज्याला ती चिखलात न्यायची आहे त्याने सहीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. इंजिन आणि लॉक तेच आहेत. फरक एबीएसचा, आणि ते तुम्हाला महत्त्वाचं वाटत असेल तर एप्रिल २०१९ नंतरची साधी थार शोधा. मिळायला कठीण, पण मिळते. माझा कौल ऑगस्ट २०१५ ते २०१८ च्या सीआरडीईला. लॉक आलेलं असतं, इंजिनातल्या सुरुवातीच्या खोडी निस्तरलेल्या असतात, आणि भाव ‘शेवटची आवृत्ती’ या कौतुकाने फुगलेला नसतो. मात्र या गाडीत एअरबॅग नाही. घरात लहान मुलं असतील आणि हीच रोजची गाडी होणार असेल, तर या पिढीचा नाद सोडा.

दुसरी पिढी १५ ऑगस्ट २०२० ला दाखवली गेली आणि २ ऑक्टोबरला बाजारात आली. ही नाशिकला बनते. नाव सोडलं तर जुन्या गाडीशी नातं थोडंच. दोन लिटरचं १५० अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल, २.२ लिटरचं १३० अश्वशक्तीचं डिझेल, ऑटोमॅटिक गिअर, कारखान्यातला पक्का टप, मागे कमानपाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. सुरुवातीला बाजूला तोंड करून बसायच्या बाकांची सहा आसनी गाडीही विकली गेली होती. ती स्वस्तात दिसली तर मोहात पडू नका, कारण चार तारे मिळालेल्या गाडीत मागच्या सीटा पुढे तोंड करून होत्या.

नव्या गाडीचे पहिले काही महिने टाळावेत, असं जुने मेकॅनिक सांगतात. इथे त्याला पुरावा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्टच्या दोषासाठी परत बोलावल्या आणि तो भाग बदलून दिला. त्या काळातली डिझेल थार घेत असाल तर चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि काम झाल्याची नोंद डोळ्यांनी पाहा. नोंद असेल तर गाडी वाईट नाही. उलट, बदललेला भाग नवाच आहे.

जानेवारी २०२३ पासून वेगळाच सापळा आहे. दोन चाकांच्या ओढीची थार स्वस्तात आली आणि धडाक्यात विकली गेली. बाहेरून ती अगदी फोर बाय फोरसारखी दिसते. आत ट्रान्सफर केस नाही, लो-रेंज नाही. शहरात मिरवायला ती उत्तम, ज्याला तेवढंच हवं त्याने खुशाल घ्यावी. पण चार चाकांच्या ओढीचा भाव मागणारेही भेटतात. डिझेल असेल तर ओळख सोपी: आर.सी.वर इंजिन १,४९७ सीसी दिसलं की ती दोन चाकांची. पेट्रोलला ही खूण चालत नाही, दोन्हींचं इंजिन एकच. तिथे गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे का, ते बघा. दांडा आहे त्या गाडीतही मागच्या आसाला यांत्रिक लॉक आहेच असं नाही. ते आवृत्तीगणिक बदलत गेलं आहे. ब्रेक मारून फिरणाऱ्या चाकाला आवरणारी इलेक्ट्रॉनिक सोयही ‘डिफरन्शियल लॉक’ याच नावाखाली सांगितली जाते. ती वाईट नाही, पण लांब चढावर ब्रेक तापतात आणि काम मंदावतं. या पिढीत मी २०२१ आणि २०२२ मध्ये बनलेली, वरच्या आवृत्तीची, फोर बाय फोर गाडी शोधीन. रोजचा प्रवास आठ-दहा किलोमीटरचाच असेल तर पेट्रोल. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, ती जाळून साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर तापावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेलची गाळणी तुंबते आणि तिचा खर्च हलका नाही.

आता जिप्सी. मारुतीने ती डिसेंबर १९८५ मध्ये आणली आणि ती २०१९ पर्यंत चालली. इतक्या वर्षांत तिचे मोठे बदल मोजके आहेत, म्हणून साल निवडणं थारपेक्षा सोपं. पहिली जिप्सी ९७० सीसीची, ४५ अश्वशक्तीची, चार गिअरची. १९९३ मध्ये चाकांमधलं अंतर वाढलं आणि तिचा वळणावरचा उलटायचा धाक कमी झाला. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, १.३ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर घेऊन. २००० मध्ये कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि शक्ती ८० अश्वशक्तीवर गेली. यानंतर गाडी जवळपास तशीच राहिली. तेव्हा जिप्सी घ्यायची तर २००० नंतरची एमपीएफआय, हा प्रश्न एका वाक्यात सुटतो. त्याआधीची घेणारे हौशी असतात, आणि हौसेला हिशोब सांगू नये.

थारला लॉक लागतं तिथे जिप्सी वजनाच्या जोरावर निसटते. कापडी हुडाची जिप्सी टनाच्या आतबाहेर भरते. चिखलात जड गाडी रुतते, हलकी तरंगत जाते. चारही कोपऱ्यांना कमानपाटे आणि पुढे-मागे सलग आस, म्हणजे मोडण्यासारखं फारसं काही नाही. ताडोबात सफारीला गेलेल्या प्रत्येकाच्या पाठीला हे कमानपाटे ठाऊक आहेत. सफारीतून निवृत्त झालेली जिप्सी विकायला येते तेव्हा किलोमीटरच्या आकड्याला अर्थ नसतो. तिने कच्च्या रस्त्यावर, भरलेल्या बाकांनिशी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आयुष्य काढलेलं असतं. शिवाय ती व्यावसायिक नोंदणीची असते. ती खासगी करून घेण्याचे कागद विकणाऱ्याने आधी पूर्ण करावेत आणि मगच पैसे मागावेत.

दुसरा मोह लष्करातून लिलावात निघालेल्या जिप्सीचा. या गाड्यांची निगा काही वेळा उत्तम असते, काही वेळा नुसताच रंग उत्तम असतो. तो रंगही तुम्हाला ठेवता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. आणि नागरी नोंदणी झालेली नसलेली लिलावाची गाडी कितीही स्वस्त असली तरी ती गाडी नव्हे, भंगार समजून तिचा भाव करा.

जिप्सी चालवून बघताना साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं तर पुढच्या आसाच्या किंगपिनची बेअरिंग झिजलेली असू शकतात. ‘व्हील बॅलन्सिंग केलं की जाईल’ असं विकणारा सांगतो. त्याला म्हणावं, करून आण, मग बघू. इंजिन तेच आहे का, हेही पाहा. डिझेल इंजिन घातलेल्या जिप्सी फिरताना दिसतात, आणि आर.सी.वर पेट्रोल लिहिलेलं असेल तर ती गाडी तुमच्या नावावर करताना आरटीओत तुमचीच फजिती होणार.

बाकीच्या दोघी पटकन आटपतो. फोर्सची गुरखा कमी खपली, म्हणून जुनी फारशी मिळत नाही, पण पुढे आणि मागे दोन्हीकडे कारखान्यातून लॉक देणारी देशी कंपनीची गाडी तीच. सप्टेंबर २०२१ नंतरची माणसात आल्यासारखी आहे. मे २०२४ पासूनच्या गाडीत इंजिन १४० अश्वशक्तीचं, आणि फरक पहिल्याच घाटात कळतो. मारुतीची जिम्नी जून २०२३ मध्ये आली. तिच्यावर काही महिन्यांतच मोठ्या सवलती सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या महिन्यांत घेतलेल्या मालकाने मोजलेली किंमत हा तुमच्या सौद्याचा आधार होऊ शकत नाही. तो कितीही कळवळून सांगू दे.

कागदांकडे वळू, कारण सालाचा अर्धा संबंध कागदांशीच आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. म्हणजे आज २०११ ची थार घेणारा मुदत संपत आलेलं किंवा संपलेलं पुस्तक घेतो आहे, आणि तो खर्च भावातून वजा व्हायला हवा. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदीचे आदेश दिले, त्यामुळे तिथल्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात येतात. स्वस्त असतात हे खरं. पण तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नव्या नंबराचे हेलपाटे धरले की स्वस्ताई बरीच आटते. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नंबर बदलावाच लागतो.

आणि नटवलेल्या गाडीपासून सावध. मोठे टायर, उंच केलेलं सस्पेन्शन, लोखंडी बंपर, विंच हे सगळं ‘एवढे लाख घातलेत’ असं सांगून विकलं जातं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कारखान्याच्या मूळ रचनेत आणि नोंदणीतल्या तपशिलांत विसंगती येईल असे बदल चालत नाहीत. तेव्हा त्या लाखांचा भाव तुम्ही देऊ नका. माझा तर उलटा हिशोब आहे. मोठे टायर दिसले की आसाच्या शाफ्ट आणि बेअरिंगवर पडलेला जादा भार मी किमतीतून वजा करतो. मूळ टायरवर चालणारी, मूळ हुडाची, कंटाळवाणी दिसणारी गाडी मिळाली तर ती आधी बघावी.

योग्य सालची गाडी सापडली की ती खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्यायला लावा. चासीवर नवा काळा रंग ताजा मारलेला असेल तर तो कशावर मारला आहे ते खरवडून पाहा. चासीला वेल्डिंग दिसलं तर परत फिरा, साल कुठलंही असो. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसच्या तेलाचे बोल्ट सैल करून तेल पाहा: दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी ओढ्यात उभी राहिलेली आहे. सीटखालचा कार्पेट उचला. चिखलाचा थर पत्र्याच्या घड्यांत राहतो, तो कुठल्याच वॉशिंग सेंटरला निघत नाही. फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही घालून कच्च्या जमिनीवर चालवून बघा. घट्ट डांबरावर फोरमध्ये वळवू नका, ट्रान्समिशन आखडतं. वर्षानुवर्षं फोर बाय फोरचा दांडा न हललेल्या गाड्या पुष्कळ असतात. दांडा जाम असेल तर मालक सांगेल, ‘कधी गरजच पडली नाही.’ ते खरंही असेल, पण तो जाम सोडवायचा खर्च त्याचा.

नावावर करताना फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, एवढं हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आणि टोकन देण्याआधी विकणाऱ्यासमोर गाडी फोर-लोमध्ये घालून शंभर मीटर मातीत चालवाच. तो नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा.